तूट कुणाच्या नावावर?

सकाळी फिरायला निघालं की सोलापुरात हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. शाळेचं फाटक एक आणि पाट्या दोन. एक पाटी जुनी, रंग उडालेली, मराठीतली. तिच्यावर स्थापनेचं वर्ष आणि देणगीदाराचं नाव. दुसरी नवी, चकचकीत, ‘इंग्लिश मीडियम स्कूल’ असं लिहिलेली आणि खाली बारीक अक्षरात ‘स्वयंअर्थसहाय्यित’. संस्था तीच, मैदान तेच, पाण्याची टाकी तीच. पोरांचे गणवेश तेवढे वेगळे.

आमच्या कट्ट्यावर या पाट्यांवरून परवा चांगलीच जुंपली. मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम, हा आपला ठरलेला वाद. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, तेव्हा मी कोणत्या बाजूला बोलणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. पण खरं सांगतो वाचकहो, मला त्या वादात फारसा रस नाही. आईबापांना इंग्रजी हवं आहे आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो साधा जमाखर्चाचा आहे. जुन्या शाळेच्या वहीत दरवर्षी जी तूट दिसायची ती गेली कुठे? नवीन पाटी लागल्यावर ती मिटली, की दुसऱ्या कुणाच्या नावावर चढली?

ज्यांना शाळेच्या कारभाराची माहिती नाही त्यांच्यासाठी (आमच्या घरातली निम्मी मंडळी बँकेत आणि उरलेली संगणकात!) थोडं मागून सांगतो.

खाजगी शाळांना सरकारने अनुदान द्यावं ही पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वूडच्या खलित्यापासूनची. १८८२ च्या हंटर आयोगाने तिला बळ दिलं. सरकारला सगळ्या शाळा काढणं परवडत नव्हतं, म्हणून लोकांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने हातभार लावावा, असा तो व्यवहार. महाराष्ट्रात पुढे त्याचं स्वरूप असं झालं की शिक्षकांचा पगार सरकार देणार, जागा आणि इमारत संस्थेची, आणि फी अगदी नाममात्र. १९५९ साली बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ईबीसी सवलत आली आणि गरिबाघरच्या मुलांचं शिक्षण फीमुळे अडायचं थांबलं. मी त्यातलाच एक. वडील गिरणीत साच्यावर होते. फी भरून शिकायचं म्हटलं असतं तर मीही त्यांच्यामागून गिरणीच्या भोंग्यावर गेलो असतो आणि आज हे लिहायला बसलो नसतो.

आता शाळा म्हणजे नुसता पगार नव्हे. खडू लागतात, वीजबिल येतं, कौलं फुटतात, संडासाची टाकी तुंबते, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या लागतात. त्यासाठी अनुदानाचा दुसरा भाग असतो. त्याला वेतनेतर अनुदान म्हणतात. शाळेच्या तुटीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. पगार सरकारकडून थेट होतो, तो उशिरा का होईना पण होतो. वेतनेतर अनुदानाचं तसं नाही. २००४ च्या सुमारास ते बंदच झालं आणि पुन्हा सुरू व्हायला २०१३ साल उजाडलं. मधली आठ-नऊ वर्षं राज्यभरच्या अनुदानित शाळांनी खडू कुठून आणले, वीजबिल कसं भरलं, याचा जमाखर्च कुणीही मांडलेला नाही.

मी २००९ मध्ये निवृत्त झालो, म्हणजे त्यातली निम्मी वर्षं मी शाळेत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची नाहीच. शिक्षकांच्या खोलीत एक पत्र्याचा डबा होता. पगार झाला की प्रत्येकाने त्यात आपल्या मनाने काही टाकायचं. मुख्याध्यापक पहिले, मग आम्ही. त्यातून खडू, डस्टर, फिनेल, झाडू, कधी एखाद्या पोराच्या बोर्डाच्या परीक्षेची फी. सादिलच्या वहीत या पैशाची नोंद नसायची, कारण नोंद केली तर ऑडिटला विचारणार, पैसा आला कुठून! वहीत खर्च शून्य आणि भिंतीवर फळा मात्र रोज भरलेला. तूट होती, पण कागदावर नव्हती. ती आमच्या डब्यात होती.

डब्यातली तूट सोसवणारी होती. पगारदार माणसाने महिन्याला दीड-दोनशे रुपये दिले तर त्याचं काही अडत नाही. त्याच खोलीत आमच्यासोबत बसणारा एक तरुण सहकारी मात्र फार मोठी तूट एकटा सोसत होता. तो विनाअनुदानित तुकडीवर होता.

हे प्रकरणही समजून घ्यायला हवं. विद्यार्थी वाढले, तुकडी वाढवायची, पण सरकारला पगार द्यायचा नव्हता. म्हणून ‘कायम विनाअनुदानित’ या शिक्क्याखाली शाळा आणि तुकड्यांना परवानग्या मिळत गेल्या. तुकडी चालवा, पण पैसे मागू नका. संस्थेकडे पैसा नव्हता, आईबापांकडे तर नव्हताच. मग त्या तुकडीवरच्या शिक्षकाला महिन्याला जे हाती पडायचं ते आमच्या पगाराच्या दहाव्या हिश्शाएवढंही नसायचं. तेच गणित, तीच पोरं, तेच पेपर तपासणं. दिवाळीला तो सुट्टी न घेता मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब लिहायला जायचा. पोळ्याच्या सुमारास एकदा म्हणाला, “सर, आमच्यावरचा ‘कायम’ निघाला की आम्हीपण माणसात येऊ.”

तो शब्द निघाला २० जुलै २००९ ला. शासन निर्णयातून ‘कायम’ हा एक शब्द वगळला गेला. त्याच वर्षी मी निवृत्त झालो होतो. तो पेढे घेऊन घरी आला होता. पण शब्द निघाला म्हणून पैसा आला असं नव्हे. मूल्यांकन, याद्या, त्रुटी, पुन्हा याद्या. पात्र ठरलेल्या शाळांना वीस टक्के अनुदान द्यायचा निर्णय व्हायला २०१६ चा सप्टेंबर यावा लागला. त्यानंतर वीसचे चाळीस, चाळीसचे साठ, प्रत्येक पायरीला आझाद मैदानावर उपोषण. पावसात चिखलात बसलेल्या शिक्षकांचे फोटो तुम्ही पेपरात पाहिलेच असतील. आणि म्हातारपणाचं काय? १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्याआधी लागलेल्यांपैकीही ज्यांची शाळा त्या तारखेला शंभर टक्के अनुदानावर नव्हती, त्यांना नकार मिळाला. लोक कोर्टात गेले. म्हणजे शाळेची एक जुनी तूट पगारातून वसूल झाली आणि पुरेशी नाही म्हणून पेन्शनमधूनही. मी दरमहा पेन्शन घेतो. तो सहकारी माझ्यापेक्षा कमी शिकवत होता असं कुणी म्हणू नये.

असो. मुद्द्यावर येतो.

तूट कधी बुडत नाही. ती एका खात्यावरून उचलून दुसऱ्या खात्यावर टाकली जाते. शाळेचं रूपांतर होतं तेव्हा हा व्यवहार सगळ्यात मोठ्या प्रमाणावर होतो आणि सगळ्यात कमी दिसतो.

२०१२ साली आपल्या राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. या शाळांनी सरकारकडे अनुदान मागायचं नाही, आपला खर्च आपण भागवायचा. यात गैर काही नाही. ज्याला परवडतं त्याने तिथे जावं. पण आपल्याकडे अनुदानित शाळा एका दिवसात सही-शिक्क्यानिशी स्वयंअर्थसहाय्यित झाली असं सहसा होत नाही. होतं ते असं: त्याच आवारात संस्था नवी शाळा काढते. पहिली दोन-तीन वर्षं जुन्या इमारतीतल्या रिकाम्या खोल्या वापरते. धाकटी भावंडं नव्या शाळेत जातात. जुन्या शाळेचा पट उतरतो. संच मान्यतेत तुकडी कमी होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर तर हे निकष आणखी कडक झाले आहेत. शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांचं दुसरीकडे समायोजन होतं. काही वर्षांनी जुनी पाटी तेवढी उरते. रूपांतर झालेलं असतं, पण त्याची तारीख कुठेच सापडत नाही. आणि तारीख नाही म्हणून त्या दिवशीचा ताळेबंदही नाही.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलाची शाळा ‘अकादमी’ झाली म्हणून तिने सांगितलं, तेव्हा मी कुतूहलाने माहिती काढली. तिथे शाळा पूर्वी आपल्या महापालिका-जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेकडे असायची. आता बऱ्याच शाळा तिथून निघून एखाद्या ट्रस्टकडे जातात आणि पैसा थेट केंद्र सरकारकडून घेतात. २०१० च्या कायद्यानंतर हे फार वाढलं. निघताना शाळेच्या डोक्यावर तूट असेल तर काय करायचं, याचा तिथे नियम आहे. शाळा आपणहून अकादमी झाली तर तूट तिच्याबरोबर जाते आणि पुढे हप्त्याने फेडावी लागते. शाळा ढासळली म्हणून सरकारने ती एखाद्या प्रायोजकाच्या हाती दिली, तर तूट मागे स्थानिक संस्थेकडेच राहते. यावर तिथेही ओरड आहे. शाळा गेली आणि कर्ज मात्र आमच्याकडे ठेवून गेली, असं तिथल्या कौन्सिलवाल्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. म्हणजे तिथला मार्ग उत्तम आहे असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, हस्तांतराला तारीख आहे आणि त्या तारखेला तूट किती व ती कुणाची, हे लिहून ठेवावं लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची. अकादमी झाली तरी शाळेला फी घेता येत नाही. त्यामुळे तूट सरकारी खात्यांमध्येच फिरते, आईबापांच्या खिशात शिरत नाही.

आपल्याकडे ती नेमकी तिथेच शिरते. एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजा म्हणून धरले आहेत, पण कुणाही मुख्याध्यापकाला विचारा, फार इकडेतिकडे नसतील. समजा तीनशे मुलांची शाळा. वेतनेतर खर्चात वर्षाला तीन लाखांची तूट. म्हणजे मुलामागे वर्षाला हजार रुपये. आता या तुटीला कंटाळून संस्थेने अनुदानाची वाट सोडली. शाळेत दहा शिक्षक, सरासरी पगार साठ हजार धरा. महिन्याला सहा लाख, वर्षाला बहात्तर लाख. हा पैसा इतके दिवस सरकार देत होतं. तो आता तीनशे घरांवर वाटला तर मुलामागे चोवीस हजार रुपये. हजाराची तूट टाळायला गेलो आणि चोवीस हजारांचा बोजा उचलला!

आता हे चोवीस हजार सोलापुरात कोण देणार? या शहराच्या मोठ्या भागाचं पोट यंत्रमागावर आणि विड्यांवर आहे. कुंभारीला विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले होते. शेजारच्या रे नगरमधल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. घरं मिळाली, फार चांगलं झालं. पण त्या घरातली बाई सुपात पानं घेऊन दिवसभर हजार विड्या वळते, तेव्हा तिची मजुरी होते. दोन मुलांचे अठ्ठेचाळीस हजार ती कुठून आणणार?

ती आणू शकत नाही हे संस्थेलाही माहीत असतं. मग फी बारा हजारांवर येते आणि उरलेले बारा हजार शिक्षकाच्या पगारातून कापले जातात. ‘कापले’ हा शब्द कुणी वापरत नाही. बीएड झालेल्या मुलीला आठ-दहा हजारांवर नेमलं जातं, एवढंच. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार तिला मिळेलच असं नाही. सरकारने २०२३ पासून शिक्षण सेवकाचं मानधन प्राथमिकला सोळा आणि माध्यमिकला अठरा हजार केलं, तेही कमीच आहे. पण ही मुलगी त्याच्याही खाली. माझ्या त्या जुन्या सहकाऱ्याला निदान अनुदानाची आशा होती. हिला कायद्यानेच ती नाही.

संस्थाचालकांची बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या ओळखीचे एक सचिव आहेत, सरळ माणूस. ते म्हणतात, “सर, तुम्ही लिहिता ते ठीक. पण पावसाळ्यात सातवीच्या वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात. सरकारकडे किती खेटे घालू? इंग्रजी शाळेच्या फीतून मी मराठी शाळेचं छप्पर केलं.” त्यांचं खोटं नाही. शिपाई निवृत्त झाला तर त्याच्या जागी दुसरा मिळत नाही, डिसेंबर २०२० पासून त्याऐवजी ठोक भत्ता. पंचवीस टक्के आरटीईच्या मुलांचे सरकारने मुलामागे १७,६७० रुपये द्यायचे, तेही वर्षानुवर्षं थकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने या जबाबदारीतूनच अंग काढायला नियम बदलला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच असं वागत असेल तर सचिवांनी काय करावं? तेव्हा मी सगळं खापर संस्थांवर फोडत नाही. माझी तक्रार एवढीच की हे सचिव जे मला कट्ट्यावर सांगतात, ते पालकसभेत कागदावर का मांडत नाहीत? इंग्रजी शाळेने जुन्या शाळेचं छप्पर केलं, छान. मग तिने जुन्या शाळेच्या खोल्या, मैदान, नळ वापरल्याचं भाडं किती दिलं, हेही त्याच कागदावर यावं.

सरकारी शाळांनाही आता असाच वारा लागला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘दत्तक शाळा’ योजना आली. सोलापूरसारख्या ड वर्ग महापालिकेच्या हद्दीत पाच वर्षांसाठी पन्नास लाखांची आणि दहा वर्षांसाठी एक कोटीची मदत, तीही रोख नव्हे तर वस्तू-सेवांच्या रूपात, दिली की देणगीदाराने सुचवलेलं नाव तेवढ्या काळापुरतं शाळेला देता येतं. कुणी मदत करत असेल तर तिला माझा विरोध नाही. पण दहा वर्षं संपल्यावर संगणक जुने झालेले असतील, रंग उडालेला असेल आणि पाटी उतरवायची वेळ आलेली असेल, तेव्हा दुरुस्तीचा खर्च कुणाचा? हे आजच लिहून ठेवायला नको का?

यावर कुणी म्हणेल, सर, आपल्या शाळा उभ्याच राहिल्या त्या त्यागावर. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव लगेच निघतं. बरोबर आहे. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. गाडगेबाबांनीही रयतसाठी शब्द टाकला होता. लोकांनी मूठ मूठ धान्य दिलं. पण त्या त्यागात आणि आजच्यात एक फरक आहे. लक्ष्मीबाईंना माहीत होतं की मंगळसूत्र कशासाठी मोडतंय, आणि ते त्यांनी आपल्या हाताने काढून दिलं. आमच्या डब्यातले पैसेही आम्ही आपल्या हाताने टाकले. आठ हजारांवर राबणाऱ्या मुलीला कुणी विचारलेलं नाही. विडी वळणाऱ्या आईलाही नाही. न विचारता दुसऱ्याकडून घेतलेल्याला त्याग म्हणायचं नसतं.

मग करायचं काय? मी अर्थतज्ज्ञ नाही, पण चाळीस वर्षांच्या सवयीने मला कोष्टक आखल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिलं, अनुदानित शाळेच्या आवारात स्वयंअर्थसहाय्यित शाळेला परवानगी देण्याआधी जुन्या शाळेचा मागच्या पाच वर्षांचा जमाखर्च शिक्षण खात्याने मागवावा आणि तो फलकावर लावावा. त्यात सरकारकडून येणं किती, संस्थेचं देणं किती, सगळं.

दुसरं, त्यातली जी तूट सरकारने वेतनेतर अनुदान न दिल्यामुळे झाली ती सरकारने फेडावी. संस्थेच्या कारभारामुळे झाली ती संस्थेने. नव्या शाळेच्या फीतून किंवा नव्या शिक्षकांच्या पगारातून ती वसूल होऊ नये.

तिसरं, लोकवर्गणीतून बांधलेल्या खोल्यांवर, जुन्या शाळेची शेवटची तुकडी असेपर्यंत, पहिला हक्क त्या तुकडीचा. पट कमी म्हणून पोरांना गोदामाशेजारच्या खोलीत बसवायचं आणि हवेशीर खोल्या फी भरणाऱ्यांना द्यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलांना ते फार लवकर कळतं हो.

आणि चौथं आपल्या हातातलं. फी नियंत्रणाचा कायदा २०११ चा आहे. त्यात पालक-शिक्षक संघ आहे, फी मान्य करणारी कार्यकारी समिती आहे, तिच्यात पालक आहेत. बहुतेक ठिकाणी हे पालक चहा-बिस्किटं घेऊन सही करून येतात. आपल्या नात्यात चार जण तरी अशा समित्यांवर आहेत, हे मला ठाऊक आहे! जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पुढच्या सभेत त्यांनी सहीच्या आधी एकच प्रश्न विचारावा: या शाळेतल्या सगळ्यात कमी पगाराच्या शिक्षकाला महिन्याला किती मिळतात, आणि बारा महिने मिळतात का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा, आपण इथेच त्यावर पुन्हा बोलू.